बटणवाल्यांची डोरीन

लंडनजवळ वॉटफर्डला आम्ही घर घेतलं ते सेमी. म्हणजे छप्पर एक, मधली भिंत एक आणि संसार दोन. भिंतीतून पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही असं दाखवायचं, ही इथली रीत. आम्ही ती मनापासून पाळली. पण एक आवाज असा होता की त्याच्यापुढे कुठलीच रीत टिकायची नाही.

रोज सकाळी साडेनऊ. आधी नुसती घरघर, म्हैस रवंथ करतेय अशी. मग ती वर चढायची, ताणली जायची, लांबून विमान यावं, येतच राहावं आणि पोचूच नये, तशी. मग माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून जी फळी आहे, तिच्यावरच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण वाजायचं. टर्र. थांबायचं. टर्र. थांबायचं. टर्र. बरोब्बर तीनदा. की सगळं शांत.

"झाली बटणवाल्यांची पूजा," आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे. "टाक चहा."

पंचवीस वर्षं आमच्या घरात दुसरा चहा असा झाला.

बटणवाले हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. खरं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे ते भांडायला येतील, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून उपयोग नाही. इंग्लंडात गिटार-ढोल बाजूला सारून नुसत्या यंत्रावर पॉप गाणी करायची टूम ज्या चार-दोन जणांनी काढली, त्यांतले हे एक. 'एक' म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. 'पहिले' म्हणायचं.

ओळख झाली ती माझ्या तानपुऱ्यामुळे. मी मूळची मिरजेची, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं घर. गाणं मी कुणाकडे शिकले नाही, पण वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या राशींमधून वाट काढत शाळेत गेलेय. लग्न होऊन इकडे येताना तंबोरा आणायचा हट्ट धरला, तर हे म्हणाले, "त्याला वेगळं तिकीट काढावं लागेल, आणि तो खिडकीची जागा मागेल." मग आला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. डबा एवढासा, प्लग लावला की सुरू. त्याच्यावर मी सकाळी देवापुढे एखादं भजन म्हणायची.

एके दिवशी भजनाच्या मध्यात बेल वाजली. दारात हे शेजारी. करडा सूट, टाय, आणि पायात घरातल्या सपाता. मला वाटलं, झालं, आली तक्रार. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "ते कुठलं मॉडेल आहे, लव्ह?"

'लव्ह' ऐकून आतून ह्यांनी कप बशीत आपटला. मँचेस्टरकडची माणसं बसच्या कंडक्टरलासुद्धा लव्ह म्हणतात, हे आम्हाला कळायला पुढे वर्ष गेलं.

आत आले, सोफ्यावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि त्याला कान लावला. पाच मिनिटं हललेच नाहीत.

"वाजवतंय कोण?"

"कोणी नाही. आपलं आपण वाजतं."

"आणि तुमच्या देवाला चालतं हे?"

"त्याला काय झालं न चालायला?"

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "यंत्र हे संगीतच नाही, असं सगळा देश मला ओरडून सांगत होता. माझ्यावर टोमॅटो फेकले, लव्ह. डबाबंद. डब्यासकट. आणि तुम्ही लोकांनी ते गुपचूप देवघरात नेऊन बसवलंत!"

त्या दिवसापासून आमचं सूत जमलं.

त्यांची कारकीर्द मी इतक्यांदा ऐकलीय की मला पाठ आहे. मँचेस्टरला चिप्सच्या दुकानावर एक खोली. हीटर नाही. तिथे अकरा महिने, बोटं गारठलेली, रोज चौदा तास बटणं फिरवून फिरवून त्यांनी तो आवाज शोधला. तोच, माझं झाकण वाजवणारा. मग त्या आवाजावर गाणं केलं, गाणं गाजलं, आणि जग बदललं. 'अकरा महिने' म्हणताना ते नेहमी जरा थांबायचे, समोरच्याला हळहळायला वेळ मिळावा म्हणून. मी पहिल्यांदा खरोखर हळहळले होते. चकल्या पण दिल्या होत्या.

गाणं एकच गाजलं. पण त्यानंतर जगात जे जे काही वाजलं ते त्यांचंच. टीव्हीवर नवं गाणं लागलं, "हे माझं." आमचं वॉशिंग मशीन धुणं संपल्यावर टिंगटिंग करतं, "हे माझं." सुपरमार्केटात आपलं आपण बिल करायचं यंत्र असतं, ते पीक करून ओरडलं की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "माझंच. पण बिघडवलंय." ह्यांनी एकदा विचारलं, "आणि माझ्या हॉस्पिटलच्या मॉनिटरचं पिंगपिंग?" तर गंभीरपणे म्हणाले, "त्याचं श्रेय मी घेत नाही. माणसं मरतात त्याच्यावर."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "यंत्र चुकत नाही, लव्ह. चुकतो तो माणूस." आणि दुसरं, "गिटार म्हणजे लाकडाचा हट्ट."

बँडमध्ये दोघं होते. बटणवाले बटणं फिरवायचे आणि दुसरा बाजूला हाताची घडी घालून उभा राहायचा. तेवढंच त्याचं काम. डावीकडे कोण उभं राहणार यावरून दोघांचं फाटलं. तो दुसरा पुढे इस्टेट एजंट झाला. एकदा वॉटफर्डात भेटला तेव्हा मी विचारलं, संगीत सोडल्याचं वाईट नाही वाटत? म्हणाला, "सोडलं कुठे? तेच करतोय, फक्त आता हात सुटे असतात."

टीव्हीवर गाणं झालं तेव्हा बटणवाले एकदाही हसले नाहीत, डोळेसुद्धा मिटले नाहीत म्हणे. दगडासारखा चेहरा. ती फॅशनच होऊन बसली, पुढची दहा वर्षं यंत्रावर गाणारं कुणी हसलं नाही. आमच्या समोर एकदा युनिव्हर्सिटीतला एक दाढीवाला मुलगा आला होता, त्याने म्हणे या न हसण्यावर प्रबंध लिहिलेला. आधुनिक माणसाचं तुटलेपण, कारखान्यांच्या शहरातला एकाकीपणा, असं बरंच. त्याने भक्तिभावाने विचारलं, तो चेहरा तुम्हाला सुचला कसा?

बटणवाले म्हणाले, "अक्कलदाढ काढली होती त्या दिवशी."

मुलगा वहीत लिहीत होता, त्याचं पेन थांबलं. मग त्याने ते वाक्य खोडलं आणि दुसरा प्रश्न विचारला. प्रबंध आधीच बांधून झालेला होता ना.

आता डोरीनबद्दल. पहिल्या वर्षी त्यांच्या तोंडी सारखं डोरीन. "आज डोरीनला बरं नाही." "डोरीनला ऊन सोसत नाही." "डोरीन तापल्याशिवाय बोलत नाही." मला वाटलं बायको असेल, आजारी असेल बिचारी. मी एक दिवस साबुदाण्याची खीर घेऊन गेले. तर मागच्या खोलीत पडदे ओढून घेतलेले, आणि टेबलावर लाकडी कडांचं एक भलंमोठं यंत्र. शंभरेक बटणं, त्याच्यावर क्रोशाची झालर. ही डोरीन. खीर आम्ही दोघांनीच खाल्ली.

डोरीनच्या पोटात एक बारकी बॅटरी होती, तिच्या जोरावर तिला आपले आवाज लक्षात राहायचे. ती बॅटरी कधीच मेलेली. बदलायला यंत्र उघडावं लागणार, आणि उघडलं तर काय होईल ह्या भीतीने त्यांनी ते उघडलंच नव्हतं. म्हणून ती कायम प्लगला लावलेली. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. घर बदललं तेव्हासुद्धा म्हणे व्हॅनमध्ये गाडीच्या बॅटरीवर वायर जोडून, मांडीवर घेऊन आले.

"एवढं आहे तर बटणांच्या जागा कागदावर लिहून का नाही ठेवत?" मी विचारलं.

ते एकदम तुटक झाले. "कलावंत लिहून ठेवत नाही, लव्ह."

मी म्हटलं, असेल बाई. आमच्याकडे लोणच्याचं प्रमाणसुद्धा कुणी लिहून ठेवत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीला मी त्यांना एकदा घेऊन गेले, ते सांगितलंच पाहिजे. कम्युनिटी हॉलमध्ये गणपती, आणि आरतीला आमच्याकडे विजेचं यंत्र. बटण दाबलं की दांड्या नगाऱ्यावर पडतात, घंटा वाजते, झांजा वाजतात. आधी माणसं वाजवायची, पण एकाने वाजवली की दुसऱ्याला मान मिळाला नाही म्हणून भांडणं. मग सेक्रेटरींनी मुंबईहून यंत्र मागवलं. यंत्राला मान लागत नाही.

बटणवाल्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. "ड्रम मशीन," ते पुटपुटले. "आणि दोनशे माणसं त्याच्यासमोर टाळ्या वाजवतायत. सूट घालून."

पण आरती संपल्यावर कपाळाला आठी. "तिसरा ठोका मागे पडतोय." सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तो पहिल्यापासून मागेच पडतो." पण बटणवाले ऐकतात कुठले! दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. दोन तास यंत्राखाली पडून होते. दुरुस्त केलं, अगदी घड्याळासारखं.

संध्याकाळची आरती काय सांगू! कुणाला गाताच येईना. सगळे त्या लंगड्या ठोक्याला सरावलेले, तिथे श्वास घ्यायचा हे अंगात भिनलेलं. आता श्वासाला जागाच नाही. पहिल्या कडव्याला बायका पुढे, दुसऱ्याला पुरुष मागे, तिसऱ्याला अध्यक्ष एकटेच. पोरं खो खो हसायला लागली. प्रसादाच्या रांगेत एक काकू मला म्हणाल्या, "तुमच्या त्या पॉप स्टारला सांगा, आमचा बिघाड आम्हाला परत द्या."

बटणवाल्यांनी निमूटपणे स्क्रू पुन्हा सैल केला. यंत्र चुकत नाही हे वाक्य त्यानंतर महिनाभर ऐकू आलं नाही.

आता जे झालं ते सांगते. माझीच चूक आहे, तेव्हा आडपडदा नको.

त्या वर्षी बटणवाल्यांचे दिवस पालटले. लंडनच्या एका थिएटरात जुन्या यंत्रवाल्यांचा मोठा कार्यक्रम ठरला. शनिवारी दुपारी, कारण ऐकायला येणारे आता पेन्शनवर, त्यांना उजेडात घरी पोचायचं असतं. शिवाय मँचेस्टरच्या एका म्युझियमने कळवलं, डोरीन आम्हाला द्या, कायमची सांभाळू. पण अट एक. तो मूळचा आवाज तिच्यात जिवंत हवा. त्यांचा माणूस शनिवारी ऐकायला येणार, आणि मग ठरवणार.

बटणवाल्यांनी सूट दोनदा इस्त्री केला. मला म्हणाले, "मुलं नाहीत, बाळं नाहीत. मी गेलो की घर साफ करणारे लोक तिला कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकतील. शनिवारचं जमलं तर तिची सोय लागेल." नव्या हिअरिंग एडची शिट्टी वाजत होती. पूर्वीसारखं ऐकू येत नाही हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

म्युझियमवाल्यांनी त्यांना कागदपत्रं करायला सोमवारी मँचेस्टरला बोलावलं. दोन दिवस. जाताना किल्ली माझ्याकडे. "फक्त झाडांना पाणी. यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं. आणि देवाशपथ, यंत्राला मी हात लावला नाही.

मंगळवारी पाणी घातलं. निघताना सवयीने घरभर नजर टाकली. माणूस गावाला गेलेलं, आणि मागच्या खोलीत भिंतीवरचा स्विच चालू! लाल ठिपका दिसत होता. आता तुम्हीच सांगा. आमच्या आईने लहानपणी हाताला वळण लावलेलं आहे. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जातो. टीव्हीचं, मिक्सरचं, चार्जरचं, सगळं बंद. नातवंडांनी मला आजी-ऑफ नाव ठेवलंय. मी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला हात लावला. खट्.

आणि पुण्य केल्याच्या आनंदात घरी आले.

बुधवारी सकाळी बटणवाले परत आल्याचं दार वाजलं, पण साडेनऊ वाजता झाकण वाजलं नाही. दहा वाजले, नाही. हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "अगं, चहा?" कसं कोण जाणे, त्या क्षणी मला माझा हात दिसला. स्विचवर.

मी तशीच धावत गेले. दार उघडंच होतं. बटणवाले स्टुलावर बसलेले, कोट अजून अंगात, समोर डोरीन. चालू होती. त्यांनी पट्टी दाबली. नुसता फ्रीजसारखा सपाट आवाज आला. डोरीनला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मी केलं," मी म्हटलं. "स्विच मी बंद केला. मला वाटलं वीज..." पदराने तोंड पुसलं. "शिव्या द्या, पण गप्प बसू नका हो."

त्यांनी दारातून बाहेरच्या कुंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाडं बरी दिसतायत."

त्याने मी जास्तच रडले.

जरा वेळाने मी सावरून म्हटलं, "रेकॉर्ड आहे ना? तीच लावा शनिवारी."

"आणि मी तिथे उभा राहून काय करू, इस्त्री?"

"मग शोधा पुन्हा! एकदा शोधलाय ना तुम्ही? अकरा महिने लागले तेव्हा, आता तुम्ही अनुभवी आहात..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टीव्हीवरचा तोच चेहरा, पण आज दाढ काढलेली नव्हती.

"मी नाही शोधला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अकरा महिने मी शोधत होतो हे खरं. काही सापडलं नाही. एक दिवस दमून चिप्स आणायला खाली गेलो. आई आली होती साफसफाईला. तिने यंत्रावरून फडकं फिरवलं. असं, कडेपासून कडेपर्यंत. वर आलो, पट्टी दाबली, आणि..." त्यांनी हात पसरले. "कुठलं बटण कुठे गेलं, मी पाहिलंच नाही. डोळे मिटून साठवून टाकला. म्हणून लिहून ठेवला नाही, लव्ह. लिहायला मला ठाऊकच नव्हता."

"तुमच्या आईचं नाव..."

"डोरीन."

सगळ्या देशाने ज्याच्यावर लेख लिहिले तो आवाज एका बाईच्या धूळ पुसण्याचा. आणि तो गेला तोही एका बाईच्या घर आवरण्याने. मी म्हटलं, "फडकं कुठाय?"

त्या दिवशी मी डोरीन सतरा वेळा पुसली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा ओल्या फडक्याने. कधी बोका भांडल्यासारखा आवाज आला, कधी बाथटब रिकामा होतोय असा. एकदा तर असा काही आला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बटणवाले म्हणाले, "हा माझा दुसरा अल्बम." पहिला दिवस संपला.

गुरुवारी मी दोन फडकी जास्तीची घेऊन गेले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. म्हणे आईचा हात वेगळा होता. मग ते स्वतः बटणं फिरवायला बसले आणि मी समोर खुर्चीवर. जवळ बसून मला काही कळेना. ते विचारायचे, "हा?" मी म्हणायची, "असेल." त्यांच्या कानात शिट्टी, माझ्या मनात भीती. चार तासांनी माझ्या लक्षात आलं, मी हा आवाज जन्मात कधी या खोलीत ऐकलेलाच नाही. मी ऐकलाय तो भिंतीतून.

आणि मला आमची गल्ली आठवली. तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथे सुताचा दोरा सरकवून तिला गुंजायला लावतात. दोरा केसाएवढा सरकला तरी तार मुकी होते. आमच्या समोरचे म्हातारे कारागीर स्वतःच्या कानावर कधी विसंबायचे नाहीत. "जवळून सगळंच गोड लागतं," म्हणायचे. मला, सात-आठ वर्षांच्या पोरीला, रस्त्यापलीकडे आमच्या ओट्यावर उभं करायचे आणि तिथून विचारायचे, "उघडली का गं?"

"तुम्ही इथेच बसा," मी बटणवाल्यांना म्हटलं. "मी माझ्या स्वयंपाकघरात जाते. भिंतीवर एक थाप म्हणजे नाही. दोन थापा म्हणजे जवळ आलात. कळलं?"

"आणि सापडला तर?"

"सापडला तर मला थाप द्यावी लागणार नाही."

मग काय, गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस मी लाटण्याने भिंत बडवत होते. ठक्. नाही. ठक्. नाही. ठक् ठक्. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अगं, जेवायला?" मी म्हटलं, "ब्रेड आहे." लग्नाच्या आयुष्यात हे वाक्य मी प्रथमच उच्चारलं. ते काही न बोलता ब्रेडला लोणी लावायला लागले, आणि थोड्या वेळाने एक स्लाइस बटणवाल्यांनाही देऊन आले. येऊन म्हणाले, "घाम फुटलाय त्या माणसाला. कोट काढलाय." बटणवाल्यांनी कोट काढणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी चार-सव्वाचार झाले असतील. घरघर आली. चढली. ताणली. विमान यायला लागलं, आणि मी लाटणं तसंच हातात धरून फळीकडे बघत उभी.

टर्र.

ह्यांनी पेपर खाली ठेवला.

टर्र.

मी देवाचं नाव घेतलं.

टर्र.

पलीकडून काही हालचाल नाही. त्यांना काय कळणार! मी लाटणं टाकलं, डब्याचं झाकण उचललं आणि तशीच पळाले. सपाता उलट्यापालट्या, झाकणातली हळद साडीवर. दारातूनच ओरडले, "उघडली! हात नका लावू! कशालाच हात नका लावू!"

त्यांनी दोन्ही हात पोलिसाने धरल्यासारखे वर केले. मग मी उभी राहिले आणि त्यांनी एकेका बटणाची जागा कागदावर लिहून घेतली. आयुष्यात प्रथमच. एक कागद त्यांच्याकडे, एक माझ्या देवघरात.

शनिवारी आम्ही दोघं आणि नात ईशा थिएटरात पहिल्या रांगेत. डोरीन गाडीच्या बॅटरीवर वायर जोडून आलेली, जशी पूर्वी आली होती तशीच. आणि तिच्यावर, मधोमध, माझं झाकण! सकाळी मागून नेलं होतं. "तिथे मला ऐकू येईल का, भरवसा नाही. हे असलं की कळेल." नाही कसं म्हणणार?

आवाज झाला. चढला. माझं झाकण तीनदा वाजलं. सगळ्या थिएटरातली पांढरी डोकी ओल्या डोळ्यांनी उभी राहिली, ज्यांना गुडघ्यांमुळे उभं राहता आलं ती. म्युझियमचा माणूस टिपं पुसत होता. मग मुलाखत घेणारी मुलगी स्टेजवर आली आणि तिने विचारलं, ज्याची सगळे वाट बघत होते तेच. "हा आवाज शोधायला तुम्हाला किती काळ लागला?"

मी पदर घट्ट धरला. आता आईचं सांगणार की काय? माझं? माझ्या स्विचचं?

बटणवाल्यांनी माइक जवळ घेतला. दगडासारखा चेहरा. "अकरा महिने," ते म्हणाले, आणि नेहमीसारखे थांबले. लोक हळहळले. मग त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं.

"आणि तीन दिवस."

ईशाने माझ्या कानात तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, कुठला तीन दिवस?"

"गप्प बस," मी म्हटलं. मला नीट दिसत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका मासिकात आलं की या ज्येष्ठ कलावंताने आता यंत्रावर एक पोलादी वर्तुळ बसवलं असून ते आपल्या काळाच्या पोकळीचं प्रतीक आहे. हे मला वाचून दाखवताना ह्यांना ठसका लागला. पोकळी खरीच होती. झाकणाविना माझ्या मसाल्याचा वास उडून चालला होता. मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "म्युझियमच्या यादीत चढलंय, लव्ह."

बटणवाले त्यानंतर तीन वर्षं होते. डोरीन मँचेस्टरला गेल्यावर सकाळी साडेनऊला भिंतीवर हाताने तीन थापा द्यायचे. आम्ही चहा टाकायचो.

ते गेले, त्याच्या पुढच्या सप्टेंबरात ईशाला मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो तेव्हा ट्रामने म्युझियमलाही जाऊन आलो. काचेच्या पेटीत डोरीन, क्रोशाच्या झालरीसकट. वर माझं झाकण. कडेला हळदीचा पिवळा डाग तसाच, आणि खाली पाटी: 'कलावंताचे स्वतःचे उपकरण. डाग काळाचे आहेत, पुसू नयेत.' त्याच्या खाली, हा आवाज घडवायला अकरा महिने आणि तीन दिवस लागले.

"आजी, तू ह्यांना सांग ना," ईशा म्हणाली. "ती झाकण आपली आहे. तुझी नाव पाहिजे तिथे."

तिथल्या गणवेशातल्या बाईने हसून विचारलं, काही मदत हवीय का? मी म्हटलं, "नाही, बघतेय फक्त." सांगायचं तरी कुठून सुरू करणार, फडक्यापासून की स्विचपासून?

निघताना पेटीमागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. प्लग. लाल ठिपका. खोलीत तेव्हा आमच्याशिवाय कुणीही नव्हतं.

ईशाने पटकन माझा हात धरला. "आजी. नो."

"नाही गं," मी म्हटलं, आणि दुसराही हात तिच्याकडे दिला.